सारंगाचा लेक

पुंगोल, सिंगापूर
२ मार्च २०११, महाशिवरात्र

प्रिय सविता,

पाकिटामागे आशालता हे नाव वाचून तू म्हणशील, ही कोण नवीन. मी यमू गो. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने आशालता लिहिलं, तेव्हापासून यमू फक्त माहेरच्या तोंडी राहिली, आणि माहेरची तोंडंही आता एकेक करून मिटली. तुझं उरलंय. ते माझ्याशी चौसष्ट वर्षांत उघडलेलं नाही हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र चुलीत घालू नकोस. निदान माझ्या नातीच्या, जाईच्या कागदापर्यंत वाच, मग घाल. अक्षर तिसरीतल्या पोरीचं आहे, कारण मी तिसरीतूनच उठले, आणि का उठले ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. चार दिवस लिहिते आहे. सून म्हणाली, आई, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मधुरा फार गुणाची आहे, पण तिला म्हटलं, नको बाई, हे माझं मलाच लिहू दे.

आधी आनंदाची बातमी. माझे आजोबा सापडले. भिकाजी. नावानिशी, वयानिशी, शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर. मी तो कागद बघितला तेव्हा इतकी हसले आणि इतकी रडले की जाई घाबरून पाणी घेऊन आली. पाळण्यातलं मूल टाकून समुद्रावर गेलेला तेवीस वर्षांचा मुलगा, त्याचा ना फोटो, ना कपडा, ना काही, आणि इथे सातव्या मजल्यावर बसून मी त्याचं नाव बोटाने चाचपते आहे. बोट लावलं की काचेवर डाग पडतो म्हणून जाई ओरडते. लावते मी. आता हे कसं झालं ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल, तुला माझी सवय माहीत आहे, शाळेतही मास्तर म्हणायचे, यमू मुंबईला जायला निघाली की आधी गोव्याला जाते.

इथे मी मुलाकडे, प्रसन्नकडे आहे. तो पूर्वी बोटीवर इंजिनियर होता, आता इथल्याच बंदरात किनाऱ्यावरची नोकरी. मी तीन महिने इथे राहते, मग परत माहेरी निशिकांतकडे गावाला, असं गेली सहा वर्षं, हे गेल्यापासून. गावाला असते तेव्हा तुझ्या गडग्यावरूनच देवळात जाते. तू तुळशीपाशी असतेस. मी मान खाली घालून पाय उचलते आणि पुढे जाऊन श्वास सोडते. तू बघतेस हे मला न बघताही कळतं. इथे आमच्या खालून ती बिनड्रायव्हरची छोटी गाडी जाते, एलआरटी, गोल फिरून पुन्हा तिथेच येते. दुसऱ्या वस्तीत अशीच एक आहे, ती घराजवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, कुणाच्या घरात दिसू नये म्हणून, असं प्रसन्न सांगत होता. मला तुझी आठवण झाली. आपल्या गावात माणसांच्या काचा तशा होत्या, तुमचं घर आलं की धुरकट.

तर गेल्या जूनमध्ये इथे शिरगणती झाली. आमच्या घराला पत्र आलं, तुमचं घर निवडलंय. मग एक चिनी मुलगी आली, दाराबाहेर बूट काढून, हातात फाइल. मधुरा सांगत गेली, नवरा, मी, मुलगी, सासूबाई. त्या मुलीने माझा पास बघितला आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाली, आंटी इज व्हिजिटर, कॅनॉट काउंट. मी हसले. मग तिला चहा दिला, तिने घेतला नाही. ती गेल्यावर मात्र लागलं गो मनाला. फ्रिजमध्ये माझ्या हातचं लोणचं, दोरीवर माझं पातळ, आणि या घरात मी नाही. जाई तेरा वर्षांची आहे, मराठी कळतं सगळं पण उत्तर इंग्रजीत. गळ्यात हात टाकून म्हणाली, आजी, आय काउंट यू, लाह. हे ‘लाह’ इथले सगळे वाक्याच्या शेवटी लावतात, आपण ‘गो’ लावतो तसं.

पण त्या दिवसापासून पोरीने शिरगणतीचा नाद घेतला. आणि जानेवारीत शाळेने प्रोजेक्ट दिलं, आपलं घराणं शोधा. प्रसन्नने तिला सांगितलं की आपल्याकडच्या शिरगणतीतली नावं कुणाला बघायला मिळत नाहीत, नुसते आकडे. पण विलायतेत शंभर वर्षं झाली की सगळी पानं जगाला उघडी करतात, आणि १९११ची तर आधीच उघडलीत. त्यात त्यांचा एक नियम आहे तो मला फार आवडला. त्या एका रात्री जो जिथे निजला, तिथे त्याचं नाव. राजा असो की चोर. तुरुंगात असेल तर तुरुंगाच्या पानावर, बोटीवर असेल तर बोटीच्या. बंदरात उभ्या बोटींवर फॉर्म वाटले होते, त्यात हिंदुस्थानी खलाशी भरलेले. प्रसन्न हे सहज बोलला भात कालवताना. माझा घास हातात राहिला. १९११ म्हटल्यावर आपल्या गावात दुसरं काय आठवणार.

जाई लागली शोधायला. आमचं आडनाव टाकलं, काही नाही. मी म्हटलं, अगो, तेव्हा खलाशाला आडनाव कुठलं, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. भिकाजी रामजी टाक. टाकलं. काही नाही. रामाजी, भिकजी, सगळी उलटापालट केली. आठ दिवस पोर शाळेतून आली की तेच. आणि एक खरं सांगू, पुढे बरंच खरं सांगायचं आहे तर इथूनच सुरुवात करते. रोज नाही मिळालं की मी वरून म्हणायची, अरेरे. आतून सुटल्यासारखं वाटायचं.

नवव्या दिवशी जाई म्हणाली, आजी, मला सगळं नीट सांग, तो गेला कसा. मी सांगितलं, आमच्या घरात सांगतात तसं. तू ते कधी आमच्या तोंडून ऐकलं नसशील, फक्त त्याचे फटके खाल्लेस, म्हणून तुलाही सांगते. सोनू सारंग, म्हणजे तुझे आजोबा, गावचे आठ जण घेऊन मुंबईला गेला आणि बोटीवर चढला. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तो म्हणेल त्याला काम, हे जाईला समजावून सांगावं लागलं. वर्षाने आला तो सात जण घेऊन. भिकाजी कुठे, तर म्हणे लिवरपुलात छातीत कफ झाला, इस्पितळात गेला. सात जणांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही बोटीवर होतो, आम्ही काही बघितलं नाही, भिकाजीला बोटीवरून उतरवला एवढंच बघितलं, आणि सारंगही त्याच्या मागून उतरला. आमच्या चुलत आजोबांनी मुंबईच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, भिकाजी रामजी नावाचा कुणीही खलाशी विलायतेच्या इस्पितळात मेल्याची नोंद नाही. तो कागद आमच्या देवघरात फडक्यात बांधलेला असायचा, देवांच्या शेजारी. नोंद नाही म्हणजे सारंग खोटा. त्याने भिकाजीला परक्या मुलखात कुठेतरी टाकला, विकला, ढकलला, दर पिढीत नवीन काहीतरी. मग देवळात गाऱ्हाणं, आणि शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात यायची बंद. आम्ही मानकरी, आमची तक्रार, आम्ही मागे घेतल्याशिवाय बंदी उठणार नाही.

जाईने विचारलं, पण तो सारंग स्वतः काय म्हणाला. सविता, मी बहात्तर वर्षांची झाले, आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, तो काहीबाही बोलला. पोर सोडते होय. व्हॉट काहीबाही, आजी. तेव्हा सांगितलं. तो देवळात म्हणाला होता, रात्री इस्पितळात कुणाला थांबू देत नव्हते, नात्यातला असेल तरच, म्हणून मी त्याला माझा लेक म्हणून लावला. यावर अख्खं देऊळ हसलं. ज्याला तीन मुलीच, त्याला विलायतेत लेक झाला. तेव्हापासून गावात जी वस्तू नाहीच तिला सारंगाचा लेक म्हणायचे. डब्यात काय आहे, तर सारंगाचा लेक. जाई हसली नाही. तिने लॅपटॉप ओढला आणि म्हणाली, देन वी सर्च दॅट, लाह. भिकाजी सोनू.

अर्धं मिनिट लागलं. शंभर वर्षं आणि अर्धं मिनिट.

लिवरपुलातल्या एका इस्पितळाचं पान. लांबलचक, तिरक्या टाकाच्या अक्षरातलं. प्रसन्न कामावरून आला तसा बूट न काढता उभा राहून वाचायला लागला, एकेक रकाना मराठीत करून. रविवार, २ एप्रिल १९११ची रात्र. भिकाजी सोनू, रोगी, वय तेवीस, लग्न झालेला, खलाशी, जन्म रत्नागिरी. त्याच्या खालच्या ओळीत सोनू धाकू, पाहुणा, वय पंचेचाळीस, बोटीवर सारंग, जन्म रत्नागिरी. आणि पाहुणा या शब्दापुढे कारकुनाने बारीक अक्षरात लिहिलंय, रोग्याचा बाप. त्या पानावर एकशे बारा माणसं आहेत, मी जाईकडून मोजून घेतली. एकशे अकरा रोगी, नर्सा, डॉक्टर, भांडी घासणाऱ्या. पाहुणा एकच.

मग जाईने त्याच बंदरातली त्यांची बोट शोधली. तिच्या पानावर आपल्या गावचे सातही जण आहेत ओळीने, आणि सारंगाच्या ओळीत त्या रात्री कुणी नाही. प्रसन्नने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, आई, बोट बंदरात असताना सारंग रात्री बाहेर राहिला म्हणजे त्याचं काम गेलं असणार. तो परत चढला असेल पण सारंग म्हणून नाही. मला आठवलं, तुझी आई म्हणायची ना, बाबा पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. आम्ही त्याचा अर्थ लावला होता, पाप खातंय.

मी किती आनंदले म्हणून सांगू. पहिला विचार खरंच हा आला की तो एकटा नव्हता. कफाने घुसमटत असेल, थंडी, परकी भाषा, पण कुणीतरी मराठीत हाक मारणारं शेजारी बसलं होतं. मी त्या रात्री साखर घातलेली कॉफी प्यायले, साखर मला बंद आहे. दुसरा विचार, की आता हे गावात सांगावं लागणार, यायला सकाळ झाली.

रविवारी निशिकांतला फोन लावला. माझा धाकटा भाऊ, तू त्याला शेंबडा बघितलास, आता मानकरी म्हणून फेटा बांधतो. मी सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, ताई, कंप्युटरवर काय वाटेल ते निघतं. मी म्हटलं, अरे, सातांची नावं आहेत, तुझ्या सासरच्या पणज्याचंसुद्धा. मग म्हणाला, तुला कळतं का तू काय बोलतेस, आजीचं कुंकू शंभर वर्षांनी पुसायला निघालीस. त्यावर मी फोन ठेवला, कारण त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं.

तू माझी आजी बघितली आहेस. ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, गावात कुणाचं लग्न असो, पहिली सवाशीण ती. सतराव्या वर्षी नवरा गेला. ज्याची मेल्याची नोंद नाही तो मेला कसा म्हणायचा. बारा वर्षांनी भटजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. ती त्यांच्या अंगावर धावून गेली. सारंग खोटा आहे तोवर माझा नवरा जिवंत आहे, हे तिने इतकं घट्ट धरलं की आम्ही सगळे त्यातच जन्मलो. ती गेली अडुसष्ट साली, तेव्हा मीच तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. गाव म्हणालं, भाग्यवान. तिच्या कपाळावरच्या त्या एवढ्याशा लाल ठिपक्यासाठी तुमचं अंगण अंधारात राहिलं. तुला गावात कुणी मागणी घातली नाही. बाहेरगावचं एक स्थळ आलं होतं, तेही आमच्या अंगणात चौकशी करून परत गेलं, मी तेव्हा बाळंतपणाला आले होते, मी तुमच्याविषयी वाईट बोलले नाही. चांगलंही बोलले नाही. आत जाऊन बाळाला पाजत बसले.

आणि तो नारळ. विसरली असशील असं मी मला कितीदा सांगितलं. सत्तेचाळीस सालचा शिमगा, आपण तिसरीत. पालखी तुमच्या गडग्याशी आली, ढोल बंद झाले, तुझी आई बेड्याच्या फाटकाआड नारळ घेऊन उभी होती. मी पालखीबरोबर नाचत होते, मला खुणेने बोलावलं आणि हळूच म्हणाली, यमू, पोरी, एवढा पालखीत ठेव, कुणी बघत नाही. मी घेतला. तुझी आई मला आवडायची, ती मला गोड खापरोळी खायला द्यायची. पुढे आजीने माझा हात धरला, कुणी दिला गो. सगळे बघत होते. मी म्हटलं, सारंगाच्या लेकाने. सगळी पालखी हसली गो, भोयांना खांदा सावरेना. तुझी आई अजून बेड्यातच होती. नारळ खाडीत गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी आजीला सांगितलं की आपण दोघी एका तरटावर बसतो, आणि माझी शाळा संपली. तू मला नंतर पाणवठ्यावर दिसलीस, कळशी भरली आणि गेलीस. तेवढंच.

आता जे सांगते ते निशिकांतला माहीत नाही, प्रसन्नलाही कालपर्यंत माहीत नव्हतं. आजीच्या ट्रंकेत तळाला एक पत्र्याची नळी होती, हातभर नाही, वीतभरच, एका बाजूला झाकण. मी लहानपणी तिच्यात चिंचोके भरून वाजवायची. एकदा आजीने बघितलं, मारलं नाही, माझ्या हातातून काढून घेतली आणि पदराने पुसत बसली. ती गेल्यावर मी ती आठवण म्हणून आणली, सुया ठेवायला. प्रसन्न पहिल्यांदा बोटीवर जायचा होता, त्र्याण्णव साली, तेव्हा त्याच्या कागदपत्रांच्या घोळात ती बघून म्हणाला, आई, ही नळी तुझ्याकडे कशी. खलाशाचा दाखला पूर्वी अशा नळीत ठेवायचे, म्हणून त्या दाखल्यालाच नळी म्हणतात. माणूस बोटीवर असेपर्यंत ती त्याच्याजवळ, कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी म्हटलं, भंगारात मिळाली. सविता, तळाला खिळ्याने ओरखडलेली तीन वल्ही आहेत, आमच्या घरच्या होडीवर होती तशीच. ती नळी आमच्या घरात कुणी आणली? एकच माणूस आणू शकत होता. तो मागच्या दाराने आला असणार, आजीच्या हातात ती दिली असणार, आणि आजीने ती घेतली. घेऊन ट्रंकेत टाकली आणि पुढच्या दाराने सारंग खोटा म्हणत राहिली. तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आणि मला त्र्याण्णव सालापासून. अठरा वर्षं मी त्यात सुया ठेवल्या. जाईला आठ दिवस काही मिळालं नाही तेव्हा मी का सुटले, ते आता तुला कळलं.

आजीला मी दोष देऊ शकत नाही. सतराची पोर, कडेवर मूल, कुंकू पुसलं असतं तर चुलीपुढच्या कोपऱ्यात जन्म गेला असता. आणि तुझे आजोबा. त्यांना ठाऊक होतं की नळी कुणाकडे आहे. देवळात अख्खं गाव हसत असताना त्यांनी एवढं म्हटलं असतं, जा, तिची ट्रंक उघडा, तर सुटले असते. नाही म्हणाले. इस्पितळात पोराजवळ बसायला जसे खोटं बोलले, तसे इथे त्याच्या बायकोसाठी गप्प बसले, मला असं वाटतं. तुझ्या आईला तरी सांगितलं होतं का ते, की तिलाही नाही? मला हे विचारायचं आहे तुला.

मागच्या शुक्रवारी निशिकांतचा फोन आला, आपणहून. म्हणाला, शिमग्याला येऊ नकोस, तुझ्या खोलीत भाताच्या गोणी टाकल्यात. मी म्हटलं, आणि लेकीचा नारळ? मानकऱ्याच्या घरची थोरली लेक नारळ घेऊन उभी राहते, तिथे पालखी टेकवतातच, तो घेतल्याशिवाय देव पुढे जात नाही. त्याला कुंकू लागत नाही, लेक असणं पुरतं, म्हणून हे गेल्यावरही मी देत आले. म्हणाला, यंदा राहू दे, तू दिल्या घरची, गावच्या गोष्टीत बोलायचा तुला अधिकार नाही. मग जाता जाता म्हणाला, आपल्याकडेही शिरगणतीचे मास्तर येऊन गेले, ताई कुठे आहेत विचारत होते, मी सांगितलं, ती आता इथे राहत नाही. बघ, सिंगापुरात पाहुणी म्हणून नाही, गावात राहत नाही म्हणून नाही. वर्षाच्या आत दोन देशांनी माणसं मोजली आणि मी कुठल्याच घरात निजले नाही. मधुरा म्हणते, आई, जाऊ नका, भावाशी कायमचं तुटेल, इथेच राहा. प्रसन्नने परवा मुकाट्याने त्या दोन पानांच्या रंगीत प्रती काढून आणल्या, प्लॅस्टिकमध्ये घालून, आणि टेबलावर ठेवल्या. शेजारी माझा पासपोर्ट.

तर १४ तारखेचं विमान आहे. १६ला सकाळच्या एसटीने मी फाट्यावर उतरेन. निशिकांतचं दार मी वाजवणार नाही. होळी १९ला, त्यानंतर पालखी वाडीत फिरायला निघेल. या शंभर वर्षांत सगळ्या थोरल्या लेकी आपापल्या अंगणात उभ्या राहिल्या, म्हणून लेकीने दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून नारळ धरला तर काय करायचं हे कुणी ठरवलेलं नाही. मला तुझ्या अंगणात उभं राहायचं आहे, एका हातात नारळ, पदरात ती नळी आणि ती दोन पानं. ढोल बंद पडले तर पडू देत, मी आजोबांचं नाव भिकाजी सोनू असंच मोठ्याने वाचणार आहे. पण त्याआधी तीन-चार रात्री मला कुठेतरी निजायचं आहे, आणि ते तुझ्या पडवीत असावं, एवढं मागायला हे पत्र आहे. चटई माझी मी आणते. तू बोललीच पाहिजेस असंही नाही. पत्राचं उत्तर येईपर्यंत मी निघालेली असेन, म्हणून एवढंच कर. १६ला दुपारपर्यंत बेडं उघडं ठेव. लावलेलं दिसलं तर मी हाक मारणार नाही, तुझी आई उभी होती त्याच जागी, फक्त बाहेरच्या बाजूला, पालखी येईपर्यंत उभी राहीन. उघडं असलं तर आत येईन, आणि तुझ्या घरात त्या रात्री कोण निजलं होतं असं पुढे शंभर वर्षांनी कुणी विचारलं, तर सांग, पाहुणी एक होती.

तुझीच तरटावरची,
यमू